कशावरून? : जाणकार सोबत घेऊन जुन्या वास्तू पाहताना

रामटेकला गेला नाही असा माणूस आमच्या तुमसर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. नवस, जावळं, त्रिपुरी पौर्णिमा, कॉलेजची सहल, काही ना काही निमित्त होतंच. पण त्याच गडावरचं केवल नरसिंहाचं देऊळ नीट पाहिलंत का, असं विचारलं तर बहुतेकांना आठवतं ते राममंदिर, वानरं आणि पायऱ्या. दीड हजार वर्षांपूर्वीची वास्तू वाटेत उभी असते आणि आपण तिच्या सावलीत चपला काढून पुढे निघून जातो.

दोष आपल्या डोळ्यांचा नाही. काय पाहायचं हे कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच. इटलीत पल्लादिओ या वास्तुकाराचे व्हिला किंवा रोममधली चर्चं पाहायला जाणारे लोक दिवसभरासाठी एखादा वास्तुतज्ज्ञ सोबत घेतात. तो तारखांची यादी म्हणून दाखवत नाही, भिंतीसमोर उभं करून पाहायला लावतो. आपल्याकडे ही सोय कुणी थाळीत वाढून देत नाही. ती आपणच जुळवावी लागते, आणि नाकाडोंगरीसारख्या मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावाहूनही ती उत्तम जुळते. अंबागडचा किल्ला तालुक्यातच आहे, रामटेक, नगरधन आणि मनसर एका दिवसाच्या टप्प्यात आहेत, पवनीला एक वेगळा दिवस द्यायचा. तीन दिवसांत इसवी सनापूर्वीच्या स्तूपापासून मालगुजाराच्या वाड्यापर्यंत सगळं पाहून होतं.

1. जाणकार कसा निवडावा

छान गोष्टी सांगणारा माणूस आणि जाणकार यांत फरक आहे. गोष्टी सांगणारा प्रत्येक किल्ल्याखाली भुयार काढतो आणि ते थेट नागपूरला नेऊन सोडतो. जाणकाराला "हे कशावरून?" असं विचारलं तर तो रागावत नाही. शिलालेख, विटेचा आकार, उत्खननाचा अहवाल, गॅझेटियर किंवा गावातली आठवण, यांपैकी आपला आधार कोणता ते सांगतो. आधार नसेल तर तसंही सांगतो.

असा माणूस शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. तिथले संशोधक विद्यार्थी या परिसरात फिरून काम करतात. रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. शिलालेख वाचणारी, निदान त्यांचा अर्थ समजावणारी माणसं तिथे भेटू शकतात. नागपुरात वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत आणि इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची शाखाही आहे. शिवाय तुमसर, भंडारा, पवनी इथल्या निवृत्त इतिहास शिक्षकांना कमी लेखू नका. पुस्तकात नसलेली वाट त्यांना माहीत असते.

निवडण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा. पहिला: "नगरधनचा आज दिसणारा किल्ला कुणाचा?" थेट "वाकाटकांचा", म्हणजे पाचव्या शतकात इथे राज्य करणाऱ्या घराण्याचा, असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. का, ते पुढे येईलच. दुसरा: "एका दिवसात किती ठिकाणं दाखवाल?" सात-आठ म्हणाला तर तो ड्रायव्हर म्हणून चांगला. तीन म्हणाला तर बोलणं पुढे न्या.

2. बोलणी स्पष्ट करा

ओळखीतला माणूस असला की पैशाचा विषय काढायला आपण लाजतो आणि संध्याकाळी दोघांनाही अवघड होतं. मानधन आधीच ठरवा. पूर्ण दिवस की अर्धा, माणसं किती, गाडी कुणाची, जेवण कुणाकडे, पाऊस आला तर काय, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा. विद्यार्थी असला तरी त्याच्या वेळेला मोल आहे. "तुमच्याही अभ्यासाचं काम होईल" हे काही मानधन नव्हे.

गट आठ-दहा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की मागचे लोक ऐकत नाहीत, सेल्फी काढतात. लहान मुलं असतील तर त्यांना काम द्या: एकाकडे मोजपट्टी, एकाकडे वही, एकाकडे विजेरी. मोजायला दिलं की पोरं कंटाळत नाहीत.

3. दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात भंडाऱ्याच्या उन्हात दगडावर हात ठेववत नाही, आणि पावसाळ्यात अंबागडची वाट निसरडी होते, गवत कमरेएवढं वाढतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रस्त्याच्या कडेला धान वाळत असतं, तेव्हा प्रवासाला जास्त वेळ धरा. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला रामटेक, महाशिवरात्रीला गायमुख, हे दिवस यात्रेचे. दर्शनाला जरूर जा, वास्तू पाहायला नको.

कोरीव काम पाहायचं ते सकाळी किंवा उतरत्या उन्हात. तिरपा प्रकाश पडला की झिजलेली रेघही उठून दिसते. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. त्यामुळे दुपारची वेळ प्रवास, जेवण आणि सावलीतल्या वाड्यासाठी ठेवा.

सामान मोजकंच: पाणी, टोपी, चांगले बूट, विजेरी, मोजपट्टी, वही, शिसपेन्सिल. दुर्बीण असेल तर शिखरावरचं काम पाहायला उपयोगी पडते. रामटेकला खाऊची पिशवी हातात धरू नका, वानरं आधी ती पाहतात.

4. पहिला दिवस: अंबागड, गायमुख आणि एक वाडा

पहाटे निघा. अंबागड तुमसरपासून सुमारे 13 किलोमीटरवर सातपुड्याच्या डोंगररांगेत आहे, त्यामुळे नाकाडोंगरीकरांना ऊन चढायच्या आत गड चढून होतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमलात, 1700 च्या सुमारास, राजा खान पठाण या त्याच्या सुभेदाराने हा किल्ला बांधला असं सांगितलं जातं. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि तिथे कैदी ठेवत. कैद्यांना विहिरीचं सडकं पाणी पाजून मारत, ही कथा जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. जाणकाराला इथेच थांबवून पहिला "कशावरून?" विचारा. गॅझेटियरमध्ये छापलं म्हणजे ते सिद्ध झालं असं नव्हे. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने गावातून ऐकलेलंही त्यात असतं.

गडावर पाहायच्या गोष्टी चार. दरवाजा आधी दिसतो की वळण घेतल्यावर? हल्ला करणाऱ्याला बुरुजाखालून जावं लागावं म्हणून वाट अशी फिरवतात. दरवाजावर कमान आहे की आडवी दगडी तुळई? तटाचा दगड घडीव आहे की अनघड, आणि सांध्यात चुना दिसतो का? आणि पाणी कुठे आहे? डोंगरी किल्ल्याचं सगळं गणित पाण्यावर चालतं. टाकं किंवा विहीर सापडली की शिबंदी कुठे राहत असेल, याचा अंदाज तुम्हीच करू शकता. आधी तुमचा अंदाज बोलून दाखवा, मग जाणकाराला बोलू द्या.

भोवती जंगल आहे. एकट्यादुकट्याने चढू नका, गावात सांगून जा, आणि तटावर आग्यामोहळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरड यांपैकी काहीही नको. पडक्या भिंतीवर चढून फोटो काढण्याचा मोह आवरा. चुना गेलेला दगड माणसाचं वजन घेत नाही.

उतरून गायमुखला जेवण करा आणि दुपार एखाद्या मालगुजारी वाड्याला द्या. नाव मी सांगत नाही, कारण ही राहती घरं आहेत. तुमच्या ओळखीतून, आधी विचारून, एकाच घरी जा. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1951 मध्ये संपली, पण त्या काळची घरं झाडीपट्टीत अजून उभी आहेत. वाडा पाहताना नक्षीच्या खांबापाशीच घुटमळू नका. धान कुठून आत येत असे, कुठे मोजलं जाई, ढोल्या आणि कोठ्या कुठे होत्या, हिशेब सांगायला आलेला कास्तकार सपरीत कुठपर्यंत येई आणि घरातल्या बाया कोणत्या दारानं ये-जा करीत, हे विचारा. वाड्याचा नकाशा या प्रश्नांतून उलगडतो. मग वर पाहा: सागवानी तुळया, कवेलू, मध्येच पत्रा किंवा सिमेंट. घरात केव्हा पैसा होता आणि केव्हा नव्हता, ते छप्पर सांगतं.

घरातली म्हातारी माणसं इथे तुमची खरी जाणकार. "आजी, हे दार कधी बंद केलं?" असा साधा प्रश्न विचारून गप्प बसा. देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. किंमत, वाटणी, कोर्टकचेरी हे विषय काढायचे नाहीत. निघताना वाड्यालगतच्या तलावाच्या पारीवर जाऊन या. घर, कोठी आणि तलाव हे मिळून मालगुजारीचा कारभार पुरा होत असे. भंडाऱ्याचे तलाव बांधण्यात कोहळी समाजाची ख्याती आहे; पाणी कुठून आत घेतलं आणि सांडवा कुठे काढला हे पाहिलं की ती का आहे ते कळतं.

5. दुसरा दिवस: रामटेक, नगरधन, मनसर

रामटेकला सकाळी लवकर पोचा आणि राममंदिराकडे धाव न घेता आधी केवल नरसिंहाच्या देवळासमोर उभे राहा. पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. नुसतं पाहायचं. मग प्रत्येकाने दिसलेली एकेक गोष्ट सांगायची. कुणी म्हणेल, शिखर नाही. कुणी म्हणेल, भिंती साध्या आहेत, फक्त खाली आडवे थर आहेत. कुणी म्हणेल, दगड तांबूस आहे. बरोबर. पाचव्या शतकातल्या वाकाटक काळातली ही वास्तू आहे. उंच शिखराची देवळं या भागात मागाहून आली.

आता आत जा. डोळे अंधाराला सरावू द्या. गाभारा मूर्तीने जवळजवळ भरून टाकलेला आहे. बसलेला नरसिंह, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही, शेजारी प्रल्हाद नाही. कॅलेंडरवरचा नरसिंह डोक्यात घेऊन आलेला माणूस इथे क्षणभर गोंधळतो, आणि तो गोंधळ मोलाचा आहे. तसाच भव्य नरसिंह जवळच्या रुद्र नरसिंहाच्या देवळात आहे. दोन्ही लागोपाठ पाहा आणि फरक टिपा.

केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटक घराण्याशी नातं सांगणारा, बराच झिजलेला संस्कृत शिलालेख आहे. विजेरी समोरून मारली तर काहीच दिसत नाही. भिंतीलगत, बाजूने प्रकाश टाका, अक्षरं वर येतात. हात लावू नका. पाणी, खडू, हळद, पावडर चोळून अक्षरं "स्पष्ट" करण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे, ती इथे अजिबात नको.

इथे जाणकाराकडून प्रभावतीगुप्ता समजून घ्या. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ही मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिने राज्य सांभाळलं. तिचा आणि या टेकडीचा संबंध कशावरून? अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला तिचा ताम्रपट सापडला, आणि तो रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामगिरीच्या देवाच्या, पायांपासून दिल्याचा उल्लेख त्यात आहे. हा झाला लेखी पुरावा. आता दुसरं विधान घ्या: कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते मत हिरिरीने मांडलं. छत्तीसगडातला रामगढ हाच रामगिरी असं म्हणणारेही आहेत. हे मत आहे, आणि मताला मत म्हणूनच ऐकायचं. पुरावा आणि मत यांतली रेघ ओळखता आली की या दिवसाचं निम्मं काम झालं.

पुढे वराहाच्या मंडपाशी थांबा. चारी बाजूंनी उघडा मंडप आणि त्यात एकाच दगडातून काढलेला अजस्र वराह. मग दरवाजे मोजत आत जा: वराह, सिंहपूर, भैरव आणि शेवटी गोकुळ दरवाजा. प्रत्येक दरवाजात एकदा मागे वळून पाहा. कुठे भक्कमपणाला महत्त्व दिलंय आणि कुठे सजावटीला, ते कळत जातं. आतली राम-लक्ष्मणाची देवळं शिखरांची. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा लेख आहे. तटबंदी आणि देवस्थानाच्या व्यवस्थेवर अठराव्या शतकातल्या भोसल्यांचा हात आहे. एकाच टेकडीवर तीन काळ एकमेकांना लागून उभे आहेत. वहीत तीन रकाने आखा आणि दिसेल ती गोष्ट आपल्या मते योग्य रकान्यात लिहा. चुकलं तर जाणकार दुरुस्त करेल. ती दुरुस्ती लक्षात राहते.

गडावर देवदर्शन करणाऱ्यांची रांग अडवून वास्तुकलेचा तास भरवू नका. आधी दर्शन घ्या, मग बाजूला होऊन पाहा. पुजाऱ्याला विचारल्याशिवाय गाभाऱ्यात कॅमेरा नाही.

खाली उतरून अंबाळा तलावाच्या काठी जेवण, मग नगरधन. आता फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे नगरधन, असं अभ्यासक मानतात. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने 2015 ते 2018 या काळात इथे उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. पण आज जो तट, बुरूज आणि दरवाजा दिसतो तो कितीतरी नंतरचा, गोंड-भोसले काळातला. जुनं नगर पायाखाली आणि आसपासच्या शेतांत आहे. किल्ल्यात उभं राहून "प्रभावती इथून फिरत असेल" असं म्हणायला हरकत नाही, फक्त "इथून" म्हणताना बोट जमिनीकडे हवं.

नगरधनला कमान नीट पाहा. केवल नरसिंहाला भार खांब आणि तुळईवर आहे. इथे तो कमानीवरून दोन्ही बाजूंना उतरतो आणि सांधा चुन्याने धरलेला आहे. सकाळी एक, दुपारी दुसरं, असं लागोपाठ पाहिलं की बांधकामाच्या दोन रीती कायमच्या कळतात. किल्ल्यातल्या विहिरीत देवीचं स्थान आहे, तिथे उतरताना पायऱ्या जपून.

उतरत्या उन्हात मनसर. इथे सगळा खेळ विटेचा. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली 1990 च्या दशकाच्या शेवटापासून इथे मोठं उत्खनन झालं. हिडिंबा टेकडीवरचं विटांचं बांधकाम वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरेश्वर देवालयाचं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. बोधिसत्त्व नागार्जुनाशी या जागेचा संबंध जोडणारी परंपराही बळकट आहे आणि अनेकांच्या श्रद्धेची आहे. जाणकाराने दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. इथे मिळालेली प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा तिचा फोटो मोबाइलमध्ये घेऊनच जा.

वीट मोजायला शिका. ढोबळ नियम असा: प्राचीन वीट मोठी, जवळजवळ हातभर लांब, मराठा काळातली लहान आणि पातळ, इंग्रजी अमलातली आपल्या ओळखीची नऊ इंची. एवढ्यावर काळ ठरत नाही, कारण जुनी वीट काढून नव्या भिंतीत लावायची पद्धत सगळीकडे होती. पण प्रश्न विचारायला एवढं पुरतं.

6. तिसरा दिवस: पवनी

आधी एक खबरदारी. रामटेक तालुक्यात जबलपूर महामार्गावरही एक पवनी आहे. मोबाइलच्या नकाशात भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची पवनी लावा.

पवनीत उभं बांधकाम कमी आणि जमिनीखालचं जास्त, म्हणून जाणकाराची गरज इथे सगळ्यांत मोठी. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि मनसरचेच जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीवर इसवी सनापूर्वीच्या काळातला मोठा स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजाने एकट्याने उभारलेलं हे काम नाही, एकेक दगड एकेकाने दिलेला आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्तंभलेखही पवनीचाच.

टेकडीवर गेल्यावर जाणकाराला एकच काम सांगा: स्तूपाचा घेर जमिनीवर चालून दाखवा. सगळ्यांनी त्याच्या मागे चाला. पुस्तकातला व्यासाचा आकडा विसरतो, पायांनी चाललेला घेर विसरत नाही. त्यानंतर जुन्या नगराची मातीची तटबंदी, खंदक, दरवाजा आणि नदीकाठचे घाट पाहा. नदीचा उतार, तट आणि स्तूप यांची जागा वहीत कशीबशी का होईना, काढा. शहर इथेच का वसलं, याचं उत्तर त्या वाकड्यातिकड्या नकाशात मिळतं.

दगडाखाली, शेतात खापराचे तुकडे दिसतील. उचलून खिशात घालायचे नाहीत. संरक्षित स्थळांना 1958 चा केंद्राचा आणि 1960 चा राज्याचा कायदा लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून हललेला तुकडा अभ्यासकाच्या उपयोगाचा राहत नाही. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, जाणकाराला दाखवा. ड्रोन आणि तिपाईचा कॅमेरा यांना परवानगी लागते. ती नसेल तर घरी ठेवून या.

एखादा दिवस वाढवता आला तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, पाहा. 1863 पासूनचं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. जागा आधी पाहून मग संग्रहालयात गेलं की काचेमागचा दगड परका वाटत नाही.

7. जाणकाराला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुठल्याही वास्तूला चालतात.

1. भार कशावर आहे? खांबावर, भिंतीवर की कमानीवर?
2. दगड किंवा वीट कुठली? जवळची की लांबून आणलेली?
3. मूळ काय आणि मागाहून जोडलेलं काय? सांधा दाखवा.
4. पाणी कुठून येई आणि सांडपाणी कुठे जाई?
5. कुणाला आत प्रवेश होता आणि कुणाला नव्हता?
6. हे कशावरून?

पाचवा प्रश्न अवघड आहे आणि म्हणूनच टाळू नका. देवळाच्या, वाड्याच्या आणि किल्ल्याच्या उंबऱ्यांना जातीचा आणि बाईमाणसाचा इतिहास आहे. चांगला जाणकार तो खाली मान घालून नाही, सरळ सांगतो.

8. लांबच्या प्रवासाला हीच रीत

इथे सराव झाला की गोव्यात किंवा परदेशात तुम्ही वेगळ्याच तयारीने जाता. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी सतराव्या शतकात उभारलं, रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून. जवळच्या बॉम जीझस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीने घडवला आणि तो मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोची भेट आहे. इटलीचं काम पाहायला व्हिसाच लागतो असं नाही. त्याच बॅसिलिकाचा लाल जांभा दगड आज सगळ्यांना आवडतो, पण तो मुळात उघडा नव्हता. 1950 च्या दशकात वरचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून दगड पावसात झिजतो आहे. तिसरा प्रश्न विचारला असेल तरच हे कळतं.

मुलगा-मुलगी युरोपात असतील आणि इटलीला जाणं झालंच, तर विचेन्झाच्या आसपासचे पल्लादिओचे व्हिला पाहा. सोळाव्या शतकातली ही देखणी घरं दगडाची भासतात, पण बरीचशी विटेची आहेत, वर चुन्याचा गिलावा. फान्झोलोच्या व्हिला एमोला मधल्या घराच्या दोन्ही बाजूंना लांबलचक ओवऱ्या आहेत, त्या धान्य आणि शेतीच्या कामासाठी. बाकीचे प्रवासी खांब मोजत असताना तुम्ही विचाराल, पीक कुठून आत येई? सोबतच्या तज्ज्ञाला तेव्हा सांगायला हरकत नाही, की आमच्याकडे मालगुजाराच्या वाड्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात.

9. परत आल्यावर

त्याच आठवड्यात तासभर बसून टिपणं नीट लिहा. प्रत्येक वास्तूला तीन ओळी पुरेत: काय दिसलं, काय ऐकलं, कशावरून. फोटोंना ठिकाण आणि तारीख घाला. वाड्याचे फोटो घरमालकांना पाठवा, बाहेर टाकण्याआधी त्यांना विचारा. जाणकाराला टिपणं दाखवा, तो चुका काढेल. मग त्याची एक प्रत गावच्या शाळेला आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला द्या. पुढच्या वर्षी शाळेची सहल अंबागडला निघेल तेव्हा गुरुजींच्या हातात निदान एक कागद असेल, आणि भुयाराची गोष्ट कुणी काढलीच तर पोरांपैकी एखादं विचारेल: सर, हे कशावरून?